शंभर मीटरच्या आतले घर : खुलताबादच्या निमित्ताने स्मारक, वक्फ आणि इनाम यांचा कायदा

खुलताबादसारख्या तालुक्याच्या गावात एखाद्या कुटुंबाच्या घराची मागची भिंत दर्ग्याच्या आवाराला लागून असेल, त्याच कुटुंबाची चार एकर जमीन शिवारात असेल आणि त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘इतर अधिकार’ या रकान्यात एखाद्या दर्ग्याचे किंवा देवस्थानाचे नाव असेल, तर त्या कुटुंबाचा एकाच वेळी किमान तीन कायद्यांशी संबंध येतो. घराची भिंत नव्याने बांधायची की नुसती लिंपायची, हे पुरातत्त्वीय स्मारकांचा कायदा ठरवतो. दर्ग्याच्या आवारातील जागा कोणाच्या व्यवस्थेखाली आहे, हे वक्फ कायदा सांगतो. आणि शिवारातील जमीन विकता येईल की नाही, याचे उत्तर निजामी राजवटीतील इनामांच्या इतिहासात आणि ती इनामे रद्द करणाऱ्या कायद्यात दडलेले असते. हे कायदे वेगवेगळ्या काळी आणि वेगवेगळ्या हेतूंनी झालेले आहेत. सार्वजनिक चर्चेत मात्र या सर्वांची सरमिसळ होऊन ‘ही जागा कोणाची?’ असा एकच प्रश्न उरतो. प्रस्तुत व्याख्यानाचे म्हणणे असे की, हा प्रश्नच अपुरा आहे. कायदा मालकी, व्यवस्था आणि संरक्षण या तीन गोष्टी वेगळ्या ठेवतो, आणि त्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर नागरिकाला स्वतःचा हक्कही नीट सांगता येत नाही आणि स्वतःवरचे बंधनही नीट कळत नाही.

या विवेचनासाठी खुलताबादइतके योग्य गाव महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. वेरूळच्या लेण्यांपासून अवघ्या काही किलोमीटरवर, डोंगरावर वसलेल्या या गावाला जुन्या पिढीतील लोक आजही ‘रोजा’ म्हणतात. रौझा म्हणजे थडगे किंवा थडग्याभोवतीची बाग. चौदाव्या शतकात दिल्लीहून दक्षिणेत आलेल्या चिश्ती सूफींच्या परंपरेतील मुन्तजबुद्दीन जरजरी जर बक्ष, बुऱ्हानुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे येथे आहेत. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ मरण पावलेल्या औरंगजेबाला जैनुद्दीन शिराझी यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले गेले, आणि मृत्यूनंतर त्याला मिळालेल्या ‘खुल्दमकान’ या पदवीवरून गावाला आजचे नाव मिळाले. हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजामुल्मुल्क याची कबर बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्यात आहे, गावाबाहेर मलिक अंबरची कबर आहे, आणि याच गावात निद्रिस्त अवस्थेतील भद्रा मारुतीचे मंदिर आहे, जेथे हनुमान जयंतीला आणि श्रावणातील शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून भाविक रात्रभर पायी चालत येतात. मारुतीच्या संस्थानाला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू आहे, तर दर्ग्यांचा कारभार वक्फ कायद्याच्या कक्षेत येतो. एवढ्याशा तटबंदीच्या गावात इतके कायदे एकत्र नांदतात.

यांपैकी सर्वांत अधिक गैरसमज स्मारकांच्या कायद्याबाबत आहेत. हैदराबाद संस्थानात १९१४ मध्ये स्वतंत्र पुरातत्त्व खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी यांनी त्याची दीर्घकाळ धुरा वाहिली. संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, संस्थानांमधील महत्त्वाच्या वास्तूंची जबाबदारी केंद्राकडे घेण्यासाठी संसदेने १९५१ मध्ये एक कायदा केला आणि त्याला जोडलेल्या यादीतील वास्तू ‘राष्ट्रीय महत्त्वाच्या’ म्हणून घोषित झाल्या. औरंगजेबाच्या कबरीचे संरक्षण तेव्हापासूनचे आहे. पुढे प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ आला आणि आधीच्या यादीतील स्मारके त्याच्या कक्षेत आली. आज देशात अशी ३,६०० हून अधिक स्मारके आहेत. संविधानाच्या अनुच्छेद ४९ नुसार, संसदेने राष्ट्रीय महत्त्वाचे म्हणून घोषित केलेल्या प्रत्येक स्मारकाचे नासधूस, विद्रूपीकरण आणि विनाश यांपासून रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे.

‘राष्ट्रीय महत्त्व’ हे शब्द ऐकताच अनेकांच्या मनात सन्मानाचा अर्थ उमटतो आणि मग अमुक राजाच्या थडग्याला राष्ट्राने मान का द्यावा, असा संतापाचा सूर निघतो. कायद्याच्या भाषेत मात्र या शब्दांत गौरव अभिप्रेत नाही. ज्या वास्तूच्या नाशाने इतिहासाचा एखादा पुरावा कायमचा हरवेल, ती वास्तू जपण्याची जबाबदारी केंद्र सरकारची, एवढाच त्यांचा अर्थ आहे. पुरावा नायकाचा असतो तसा प्रतिनायकाचाही असतो. ज्या बादशहाने छत्रपती संभाजी महाराजांची हत्या करविली आणि आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे दक्षिण जिंकण्यात घालवली, त्याला शेवटी दिल्लीला परत जाता आले नाही आणि मराठ्यांच्या मुलखातल्या एका डोंगराळ गावात, उघड्या आकाशाखाली, मातीच्या साध्या कबरीत तो पुरला गेला, ही गोष्ट पुस्तकातल्या शंभर पानांपेक्षा ती जागा अधिक स्पष्टपणे सांगते. कबरीवर सब्जाचे रोप, भोवती नंतरच्या काळात बसवलेली संगमरवरी जाळी आणि वर छत नाही, इतकेच तेथे पाहण्यासारखे आहे. मराठ्यांच्या सत्तावीस वर्षांच्या झुंजीचा याहून बोलका दाखला शोधून सापडणार नाही, असे प्रांजळ मत येथे नोंदवणे आवश्यक वाटते.

मार्च २०२५ मध्ये ही कबर हटवण्याच्या मागणीने जोर धरला, खुलताबादेत बंदोबस्त वाढला आणि १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. त्या काळात वारंवार विचारला गेलेला प्रश्न असा, की राज्य सरकार किंवा जिल्हाधिकारी हे का करत नाहीत? उत्तर सरळ आहे : कायद्याने तो अधिकार त्यांना दिलेलाच नाही. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघ सूचीत आहे. १९५८ च्या कायद्याच्या कलम ३० नुसार संरक्षित स्मारकाची नासधूस, हानी किंवा विद्रूपीकरण करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि या तरतुदीत सामान्य नागरिक व अधिकारी असा भेद नाही. एखादे स्मारक यादीतून काढण्याचा मार्ग कायद्यातच, कलम ३५ मध्ये आहे. स्मारकाला राष्ट्रीय महत्त्व उरले नाही असे केंद्र सरकारचे मत झाल्यास ते राजपत्रात अधिसूचना काढून तसे घोषित करू शकते. केंद्राच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाने २०२४ मध्ये अशी अठरा स्मारके वगळण्याची प्रक्रिया सुरू केली, पण त्यामागचे कारण ती शहरीकरणात नाहीशी झाली किंवा त्यांचा ठावठिकाणा लागेना, हे होते.

यादीतून वगळले म्हणजे वास्तू पाडायला मोकळीक मिळाली, असेही नव्हे. केंद्राचे संरक्षण गेले तरी ती कबर कबरच राहते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ नुसार, कोणाच्या भावना दुखवण्याच्या किंवा धर्माचा अपमान करण्याच्या हेतूने दफनभूमीत किंवा अंत्यविधीच्या जागेत अतिक्रमण करणे हा गुन्हा आहे, आणि कलम २९८ उपासनास्थानांची हानी व विटंबना यांना शिक्षा सांगते. ही कलमे जुन्या दंडसंहितेतील २९७ व २९५ या कलमांच्या जागी आली आहेत. ती मराठी माणसाच्या समाधीचे रक्षण करतात तशीच ती मुघलाच्या थडग्याचेही करतात, आणि म्हणूनच ती भरवशाची आहेत.

संरक्षण म्हणजे मालकी नव्हे, हा यातला दुसरा मुद्दा. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा निळा फलक लागला की ती जागा सरकारची झाली, असा सर्रास समज असतो. प्रत्यक्षात १९५८ चा कायदा मालकी कोणाची हे गृहीत धरत नाही. केंद्र सरकार स्मारक विकत घेऊ शकते, भाड्याने घेऊ शकते, देणगी म्हणून स्वीकारू शकते किंवा मालकाशी जतनाचा करार करू शकते, असे पर्याय त्यात सांगितले आहेत. एखाद्या खासगी मालकाचा वाडाही संरक्षित स्मारक असू शकतो. त्याहून महत्त्वाची तरतूद कलम ५ च्या सहाव्या पोटकलमात आहे : स्मारकात रूढीने चालत आलेल्या धार्मिक विधींना या कलमामुळे बाधा येत नाही. कलम १६ आणखी पुढे जाते आणि जे संरक्षित स्मारक उपासनास्थान आहे, त्याचा उपयोग त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी होऊ नये, असे बजावते. म्हणजे जाळीच्या आतली कबर पुरातत्त्व सर्वेक्षण सांभाळेल आणि आवारातला फातिहा, संदल किंवा उरूस परंपरेने चालेल, अशी विभागणी कायद्याला मान्य आहे.

आता मूळ घराकडे वळले पाहिजे, कारण स्मारकांच्या कायद्याची सर्वाधिक झळ राजकीय सभांना नव्हे, तर स्मारकाशेजारी राहणाऱ्या माणसांना बसते, आणि त्यांच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. १६ जून १९९२ रोजी केंद्र सरकारने एका अधिसूचनेने संरक्षित स्मारकांभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई केली आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये बांधकाम परवानगीखेरीज होऊ नये, असे ठरवले. पुढे २००६ पासून एका तज्ज्ञ सल्लागार समितीच्या शिफारशीवरून शंभर मीटरच्या आतही अनेक परवानग्या दिल्या गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ही पद्धत बेकायदा ठरवली, आणि त्यातून जानेवारी २०१० चा अध्यादेश व त्याच वर्षीचा दुरुस्ती कायदा आला. त्या दुरुस्तीने १९९२ ची बंधने अधिसूचनेतून उचलून थेट कायद्यात आणली आणि ती कोणत्याही अधिकाऱ्याला शिथिल करता येणार नाहीत, अशी व्यवस्था केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये दिल्लीच्या जंतरमंतरजवळील इमारतीच्या प्रकरणात हीच भूमिका घेतली.

या तरतुदींतले शब्द नीट वाचले पाहिजेत, कारण घरमालकाचे नशीब त्यांवर अवलंबून असते. शंभर मीटरच्या पट्ट्याला ‘प्रतिषिद्ध क्षेत्र’ म्हणतात. हे अंतर कबरीच्या मध्यापासून किंवा घुमटाच्या कळसापासून मोजायचे नसून संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून सर्व दिशांना मोजायचे असते. त्यानंतरचे दोनशे मीटर हे ‘विनियमित क्षेत्र’ होय. म्हणजे स्मारकाच्या हद्दीपासून एकूण तीनशे मीटरपर्यंत हा कायदा पोहोचतो, आणि खुलताबादच्या तटबंदीतल्या दाट वस्तीत तीनशे मीटर म्हणजे गावाचा फार मोठा भाग झाला.

प्रतिषिद्ध क्षेत्रात नवे बांधकाम करता येत नाही. ‘पुनर्बांधणी’, म्हणजे पूर्वीच्या वास्तूच्या जागी तितक्याच लांबी-रुंदी-उंचीची वास्तू नव्याने उभारणे, हीसुद्धा करता येत नाही. करता येते ती ‘दुरुस्ती आणि नूतनीकरण’, आणि तीही घर १६ जून १९९२ पूर्वीचे असेल किंवा नंतर रीतसर परवानगीने बांधलेले असेल तरच, आणि सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊनच. विनियमित क्षेत्रात नवे बांधकाम, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती या तिन्हींना वाव आहे, पण परवानगीची अट तेथेही आहे. गटाराची साफसफाई, सार्वजनिक शौचालये, पाणीपुरवठा व वीजपुरवठ्याची कामे यांना कायद्याने ‘बांधकाम’ या व्याख्येतून वगळले आहे. परवानगीविना बांधणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे.

मराठवाड्यातल्या जुन्या घरांना ही व्याख्या कशी लागते, ते पाहण्यासारखे आहे. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर सागाच्या कड्या, कड्यांवर बांबू किंवा फळ्या आणि त्यांवर पांढऱ्या मातीचे माळवद, अशी ती घरे असतात. माळवद दरवर्षी पावसाळ्याआधी नव्या मातीने लिंपले नाही तर गळते. आणि गळायला लागले की कड्या कुजतात, भिंत पोटात फुगते आणि एखाद्या अवकाळी पावसात अर्धे घर खाली बसते. माळवद लिंपणे ही दुरुस्ती झाली. कुजलेल्या चार कड्या बदलणे हीही दुरुस्ती. पण संपूर्ण माळवद काढून त्या जागी सिमेंटचा स्लॅब टाकला, किंवा कोसळलेली भिंत पायापासून नव्याने उचलली, तर ती दुरुस्ती की पुनर्बांधणी? कायद्याची व्याख्या एका ओळीत आहे आणि घर मात्र मातीचे आहे. त्यामुळे जेवढी दुरुस्ती लांबते, तेवढी ती पुनर्बांधणीच्या रेषेकडे सरकते. ज्या घरमालकाने वेळेवर अर्ज केला नाही त्याचे घर पडल्यानंतर ते पुन्हा उभारण्याचा मार्गच बंद होतो, आणि भावाभावांत वाटणी झालेल्या घराला वर खोली चढवण्याचा तर प्रश्नच उरत नाही. स्मारक वाचवताना स्मारकाभोवतीचे गाव हळूहळू रिकामे होणे, ही या कायद्याची सर्वांत कमी चर्चिली गेलेली किंमत आहे.

२०१० च्या दुरुस्तीला या अडचणीची कल्पना नव्हती असे नाही. कलम २०ई मध्ये प्रत्येक स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी तयार करायचे ठरले होते. उपविधी म्हणजे त्या ठिकाणाचे स्वतःचे बांधकाम-नियम : उंची किती, दर्शनी भाग कसा, साहित्य कोणते, रंग कोणता. अजिंठ्यासारख्या दरीतल्या लेण्यांना लागणारे नियम आणि बाजारपेठेच्या मध्यावर असलेल्या कबरीला लागणारे नियम एक असू शकत नाहीत, ही साधी गोष्ट त्यामागे होती. पण पंधरा वर्षे उलटूनही देशातील बहुसंख्य स्मारकांचे उपविधी अंतिम झालेले नाहीत, आणि तोवर ताजमहालाला आणि रस्त्याकडेच्या कोसमिनाराला एकच शंभर-दोनशेची पट्टी लावली जाते. संसदेच्या संबंधित स्थायी समितीनेही सरसकट अंतराच्या या पद्धतीवर बोट ठेवले आहे.

आणि इतकी कडक पट्टी लावूनही स्मारके वाचली का? भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक यांनी २०१३ च्या अहवालासाठी १,६५५ स्मारकांची प्रत्यक्ष पाहणी केली, तेव्हा ९२ स्मारके जागेवर सापडलीच नाहीत. म्हणजे परवानगी मागणाऱ्या शेजाऱ्याला कायदा अडवत राहिला आणि परवानगी न मागणाऱ्याने स्मारकच गिळले. मनाईची रेषा आखणे सोपे असते. जागेवर हजर राहून पाहणी करणारा माणूस नेमणे अवघड असते.

दर्ग्याच्या आवारात पाऊल ठेवले की वक्फचा कायदा सुरू होतो. वक्फ म्हणजे मालमत्तेचे धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी कायमचे समर्पण. समर्पण करणारा तो वाकिफ आणि व्यवस्था पाहणारा तो मुतवल्ली. मुतवल्ली मालक नसतो. समर्पित मालमत्ता ईश्वराची मानली जाते आणि ती परत घेता येत नाही. मराठी वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये, कारण देवस्थानाच्या बाबतीत हिंदू कायदाही याच दिशेने जातो : मूर्ती ही कायद्याने व्यक्ती आहे, जमीन देवाच्या नावावर असते आणि पुजारी हा व्यवस्थापक ठरतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये मध्य प्रदेशातील पुजाऱ्यांच्या प्रकरणात पुन्हा सांगितले. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विकता येत नाही, आणि वक्फ कायद्याच्या कलम १०४अ नुसार वक्फ मालमत्तेची विक्री, बक्षीस, गहाण यांना मनाई आहे. जे देवाला दिले ते पुजाऱ्याने किंवा मुतवल्लीने विकू नये, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

वक्फच्या बाबतीत मराठवाड्याचा इतिहास उर्वरित महाराष्ट्राहून निराळा आहे. १९५४ चा वक्फ कायदा मराठवाड्यात लागू होता आणि येथे स्वतंत्र मराठवाडा वक्फ मंडळ होते, तर पश्चिम महाराष्ट्रातील मुस्लिम न्यास १९५० च्या सार्वजनिक न्यासांच्या कायद्याखाली नोंदले जात. १९९५ च्या वक्फ कायद्यानंतर संपूर्ण राज्यासाठी एक मंडळ झाले आणि त्याचे मुख्यालय औरंगाबादेत पाणचक्कीच्या परिसरात राहिले. जुने न्यास या मंडळाकडे गेले की नाही, यावर पुढे दीर्घकाळ खटले चालले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुस्लिमांनी स्थापन केलेला प्रत्येक सार्वजनिक न्यास हा वक्फ असतोच असे नाही. ‘वक्फ मंडळ कोणत्याही जमिनीवर हात ठेवते’ आणि ‘मुस्लिमांची प्रत्येक संस्था वक्फच असते’, या दोन्ही टोकांच्या समजुतींना या निकालाने उत्तर मिळते.

एप्रिल २०२५ मध्ये अमलात आलेल्या वक्फ दुरुस्ती कायद्याचे एक कलम तर थेट खुलताबादसारख्या गावाला लागते. नव्या कलम ३ड नुसार, वक्फ म्हणून घोषणा झाली त्या वेळी जी मालमत्ता स्मारकांच्या जतनासाठी झालेल्या १९०४ किंवा १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित स्मारक होती, तिच्याबाबतची वक्फची घोषणा निरर्थक ठरते. त्यामुळे प्रश्न दोन राजपत्रांच्या तारखांचा होतो. १९५१ च्या कायद्याने यादीतील स्मारकांना १९०४ च्या कायद्याखालील संरक्षित स्मारकाचा दर्जा दिला होता. १९५४ च्या वक्फ कायद्याखालील सर्वेक्षणे आणि राजपत्रे साहजिकच त्यानंतरची आहेत. तेव्हा १९५१ च्या यादीतील वास्तूपुरते हे कलम लागू पडेल, पण ते संरक्षित हद्दीपुरतेच लागू पडेल. हद्दीबाहेरचा दर्गा, मशीद, सराई आणि कबरस्तान यांच्या वक्फ म्हणून असलेल्या नोंदीला त्याने धक्का बसत नाही. वक्फची नोंद गेली तरी रूढीने चालत आलेले धार्मिक विधी स्मारकांच्या कायद्यातील कलम ५ च्या सहाव्या पोटकलमामुळे चालू राहतात, याकडे सर्वोच्च न्यायालयानेही लक्ष वेधले आहे. पुन्हा तोच धडा समोर येतो : व्यवस्था बदलली म्हणून उपासना बदलत नाही.

या दुरुस्तीवर सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर २०२५ रोजी अंतरिम आदेश दिला. अंतरिम आदेश म्हणजे कायद्याच्या वैधतेचा अंतिम निकाल लागेपर्यंतची तात्पुरती व्यवस्था. न्यायालयाने संपूर्ण कायद्याला स्थगिती दिली नाही. वाकिफ पाच वर्षे इस्लामचे आचरण करणारा असावा, ही अट त्यासंबंधीचे नियम होईपर्यंत थांबवली. सरकारी जमिनीवर वक्फ आहे की नाही याचा निवाडा महसूल अधिकाऱ्याने करून नोंदी बदलण्याची तरतूदही थांबवली, कारण मालकीचा निवाडा हे न्यायिक काम आहे. राज्य मंडळात तीनपेक्षा अधिक आणि केंद्रीय परिषदेत चारपेक्षा अधिक बिगर-मुस्लिम सदस्य नसावेत, असेही सांगितले. नोंदणीची सक्ती मात्र कायम राहिली, आणि जून २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘उमीद’ पोर्टलवर सहा महिन्यांत मालमत्तांचा तपशील भरण्याचे काम मुतवल्लींच्या अंगावर आले. दीर्घ वापराने वक्फ झालेली मालमत्ता, जिला ‘वापराने वक्फ’ म्हणत, ती संकल्पना पुढील काळासाठी काढून टाकण्यात आली. आधीच नोंदलेल्या अशा मालमत्ता, वादग्रस्त किंवा सरकारी नसतील तर, तशाच राहतील. ज्या लहान दर्ग्याचा कागद नाही, मुतवल्ली निरक्षर आहे आणि पिढ्यान्पिढ्या चादर चढते आहे, त्याची खरी अडचण येथे आहे.

शिवारातल्या जमिनीचा विषय थोडक्यात, पण काळजीने सांगितला पाहिजे, कारण मराठवाड्यात फसवणूक येथेच सर्वाधिक होते. निजामी राजवटीत एखाद्याच्या उदरनिर्वाहासाठी दिलेली इनाम जमीन ती मदतमाश, आणि मशीद, दर्गा किंवा मंदिर यांच्या सेवेसाठी दिलेली ती खिदमतमाश. इनामाची चौकशी झाल्यावर मिळणाऱ्या सनदवजा कागदाला ‘मुंतखब’ म्हणत. हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करणारा १९५४ चा कायदा आला तेव्हा मदतमाश इनामे खालसा झाली आणि कब्जेदारांकडे किंवा कुळांकडे ती निर्बंधित स्वरूपात, आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग २ म्हणून, गेली. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांची इनामे मात्र त्या कायद्यातून वगळली होती, म्हणून खिदमतमाश जमीन आजही संस्थेचीच राहते. पुढे १९९८ मध्ये आंध्र प्रदेशातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, एकदा वक्फ झालेली मालमत्ता इनाम कायद्याखाली कोणाला पट्टा मिळाला म्हणून वक्फपण गमावत नाही, असा निर्णय दिला.

याचा व्यवहारातला अर्थ असा. चार एकर स्वस्तात मिळते म्हणून शंभर रुपयांच्या बाँडवर खरेदी करणाऱ्याने आधी १९५४-५५ चे खासरा पत्रक काढून पाहावे, कारण तेव्हा जमिनीवर कोणाचे नाव आणि कोणत्या हक्काने होते, हे त्यात दिसते. मग तेव्हापासूनचे सर्व फेरफार एकामागून एक वाचावेत, सातबाऱ्याच्या इतर अधिकारात संस्थेचे, दर्ग्याचे किंवा देवाचे नाव कधी होते आणि ते कोणत्या आदेशाने गेले, हे तपासावे. आदेश क्रमांकाशिवाय गेलेले नाव पुन्हा परत येते. मदतमाश जमिनींचे झालेले व्यवहार नजराणा भरून नियमित करून देण्याच्या तरतुदी राज्याने वेळोवेळी केल्या आहेत. खिदमतमाश जमिनीला त्या आपोआप लागू होत नाहीत. सातबारा हा मालकीचा पुरावा नसून महसुली नोंद आहे, हे वाक्य तलाठी सज्जाच्या दारावर लिहून ठेवावे इतके उपयोगी आहे.

खुलताबादच्या त्या घराला आता उत्तर देता येते. मिळकत पत्रिकेवरील नाव, घर १६ जून १९९२ पूर्वीचे असल्याचा पुरावा म्हणून नगरपरिषदेच्या जुन्या कर-पावत्या, स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासूनचे अंतर दाखवणारा नकाशा, घराची सध्याची छायाचित्रे आणि बदलायच्या कड्यांचा व लिंपायच्या माळवदाचा नेमका तपशील, एवढे कागद घेऊन सक्षम प्राधिकाऱ्याकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्जात ‘बांधकाम’ हा शब्द कोठेही येऊ देऊ नये, कारण जे करायचे आहे ती दुरुस्ती आहे आणि तीच कायद्याला मान्य आहे. प्राधिकाऱ्याने पंधरा दिवसांत अर्ज राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवायचा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत शिफारस करायची आणि त्यानंतर महिन्याभरात परवानगी द्यायची किंवा अर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी देऊन लेखी आदेशाने ती नाकारायची, असा कायद्याचा क्रम आहे. हे सारे दिवस जोडले तर साडेतीन महिने होतात. म्हणून जूनच्या पहिल्या पावसाआधी माळवद लिंपून व्हायचे असेल, तर अर्ज फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातच दाखल झालेला असला पाहिजे, आणि त्याची तारखेचा शिक्का असलेली पोच घरात जपून ठेवलेली असली पाहिजे.